प्रस्तावना संपल्यानंतर

भाचा उठून गेला तेव्हा पडद्यावर दोन माणसे जमिनीत रुतून बसलेल्या एका बुडख्याशी झटत होती. झाड आधीच तोडून झाले होते. मुळे मात्र माती सोडायला तयार नव्हती. दोघे जोर लावत होते, धापा टाकत होते, पुन्हा वाकत होते. ‘विनलँड सागा’ या व्हायकिंगांवरच्या जपानी ॲनिमेचे, म्हणजे चित्रमालिकेचे, दुसरे पर्व आम्ही दोघांनी मिळून पाहायला घेतले होते. पहिल्या पर्वाचे 24 भाग त्याने चार दिवसांत, जेवणाच्या हाकाही न ऐकता संपवले होते, आणि आता सहाव्या भागापर्यंत तो कसाबसा थांबला होता. “मावशी, हे आता शेतीच करत बसणार का गं?” असे त्याने विचारले. त्याच्या आवाजात तक्रार कमी आणि दुखावलेपण जास्त होते. मी काहीच बोलले नाही. त्याने मांडीवरची उशी बाजूला ठेवली, दारापाशी क्षणभर थबकून पुन्हा एकदा पडद्याकडे पाहिले आणि तो निघून गेला. उरलेला भाग मी एकटीने पाहिला, पण माझे लक्ष त्या रिकाम्या जागेकडेच राहिले.

मला त्याची समजूत घालता आली असती. मी गप्प राहिले याचे कारण असे की 2023 च्या जानेवारीत हेच पर्व प्रदर्शित होऊ लागले तेव्हा मीही असेच केले होते. तीन भाग पाहिले, चौथा सुरू करून मध्येच बंद केला आणि पुढचे कित्येक महिने कोणी विचारले की “पहिल्याची सर नाही” असे सांगत राहिले. पाहिलेच नव्हते, तरी सांगत राहिले. भाच्याचे वाक्य ऐकले तेव्हा माझेच जुने वाक्य कोणीतरी माझ्यासमोर आणून ठेवल्यासारखे वाटले, आणि ते दिवसभर मनातून गेले नाही.

मला तेव्हा काय हवे होते हे आज नीट आठवते. मला पहिल्या पर्वातल्या लुटारूंचा म्होरक्या आस्केलाड हवा होता. त्याचा तो थकलेला, शांत, जराही न चढणारा आवाज हवा होता. समोरच्याचे मन वाचून झाल्यावर त्याच्या ओठांच्या कोपऱ्यात उमटणारी रेषा हवी होती. मला करड्या समुद्रावर उतरणारे धुके, वल्ह्यांचा एका तालातला आवाज, बर्फातून चालणाऱ्या सैन्याच्या तोंडची वाफ आणि त्या सगळ्याच्या मधोमध दोन खंजीर घेऊन झेपावणारा, कधीच न झोपल्यासारखे डोळे असलेला तो मुलगा, थॉरफिन, हवा होता. पहिल्या पर्वाच्या शेवटच्या भागात आस्केलाड ज्या रीतीने स्वतःचा मृत्यू स्वतः आखतो, ते पाहून मी बराच वेळ सुन्न बसले होते. बापाच्या मरणाचा सूड म्हणून ज्याला मारण्यासाठी थॉरफिन इतकी वर्षे जगला तो माणूस दुसऱ्याच्याच हातून जातो, आणि सूडाचे ओझे उतरल्यावर त्या मुलाच्या हातातून खंजीर अक्षरशः गळून पडतो. त्या भागाचे नाव होते ‘प्रस्तावनेचा शेवट’. मी ते नाव वाचले होते, दादही दिली होती, पण त्याचा अर्थ मनावर घेतला नव्हता. चोवीस भागांनंतर एखादी कथा तुम्हाला सांगते की इथवर जे झाले ती फक्त प्रस्तावना होती, तेव्हा ती पुढे याच वाटेने जाणार नाही याची ती सूचनाच देत असते.

मध्ये तीन वर्षे गेली. पहिले पर्व 2019 च्या डिसेंबरमध्ये संपले होते. या तीन वर्षांत मी ते पुन्हा पाहिले नाही, पण मनात ते सतत चालू होते, आणि आठवण संकलकाचे काम किती निर्दयपणे करते ते मला नंतर कळले. मागच्या वर्षी मी पहिले पर्व पुन्हा पाहिले तेव्हा त्यातल्या कितीतरी गोष्टी मला जवळजवळ नव्याने दिसल्या. दारूत बुडालेला विलिबाल्ड नावाचा धर्मगुरू बर्फात बसून प्रेम म्हणजे काय यावर बोलत राहतो. तो प्रसंग माझ्या आठवणीत उरलाच नव्हता. आइसलँडमधल्या संथ, लांब संध्याकाळी उरल्या नव्हत्या. आणि अगदी सुरुवातीला, बर्फात सापडलेला एक पळून आलेला गुलाम, ज्याला थॉरफिनचा बाप थॉर्स मेंढ्या देऊन विकत घेतो आणि जो तरीही वाचत नाही, तो तर मी पूर्ण विसरले होते. माझ्या आठवणीने फक्त लढाया ठेवल्या होत्या. म्हणजे दुसऱ्या पर्वाची तुलना मी पहिल्या पर्वाशी केलीच नव्हती. मी ती माझ्या मनातल्या एका कापून छोट्या केलेल्या, फार वेगवान आवृत्तीशी केली होती. खरे पहिले पर्व तिच्यापेक्षा बरेच संथ, बरेच दुःखी आणि बरेच मोठे होते.

तो गुलाम मात्र आता मला सोडत नाही. थॉरफिन तेव्हा लहान होता आणि युद्धाच्या गोष्टींनी भारलेला होता. त्या माणसाच्या मरणाचा अर्थ त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. दुसऱ्या पर्वात तो स्वतः गुलाम आहे. केटिलच्या शेतावर जंगल तोडून जमीन तयार करायची, तिच्यात गहू पिकवायचा आणि त्या गव्हातून स्वतःची किंमत फेडायची. हे पर्व पहिल्या पर्वापासून दूर गेले असे मला वाटत होते. प्रत्यक्षात ते पहिल्या पर्वाच्या पहिल्याच भागाकडे परत गेले होते.

दुसऱ्या पर्वांनी मला दुखावले नाही असे नाही. ‘द प्रॉमिस्ड नेव्हरलँड’ या दुसऱ्या ॲनिमेचे दुःख अजून ताजे आहे, आणि ते आठवल्याशिवाय मला या विषयावर प्रामाणिकपणे लिहिता येणार नाही. 2019 च्या जानेवारीत आलेले त्याचे पहिले पर्व बारा भागांचे होते आणि त्या बारा भागांत एकही चौकट वाया गेलेली मला आठवत नाही. त्या अनाथालयातले लांबलचक बोळ, लाकडी जमिनीवरची पावले, घड्याळाची टिकटिक, मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवरून दिसणारे दार आणि दाराच्या फटीतून दिसणारी ‘मामा’ची, म्हणजे मुले जिला आई म्हणतात त्या इझाबेलाची, सावली. भीती दाखवण्यासाठी तिथे कोणाला ओरडावे लागत नसे. एम्मा आणि नॉर्मन ही तिथली दोन मुले एका मुलीचे मागे राहिलेले खेळण्यातले ससुले परत द्यायला जातात आणि मालवाहू गाडीत त्यांना काय दिसते, तो क्षण मी हातात धरलेला पेला खाली न ठेवता पाहिला होता. आणि शेवटच्या भागात मुले निसटून गेल्यावर इझाबेला केस मोकळे सोडते आणि मनातल्या मनात त्यांना सुखी राहा म्हणते, तेव्हा जिला बारा भाग भ्यायले तिच्यासाठी माझ्या डोळ्यांत पाणी आले. एवढे कठीण काम त्या पर्वाने इतक्या शांतपणे केले.

मग 2021 चा जानेवारी आला. मूळ मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, तोवर पूर्ण झाली होती. कथेचा सगळा नकाशा हाताशी होता. पहिल्या पर्वाने मांगाची सुमारे 37 प्रकरणे बारा भागांत सांगितली होती. उरलेली जवळजवळ 140 प्रकरणे दुसऱ्या पर्वाने अकरा भागांत आवरली. वाचकांनी जिची सर्वांत जास्त वाट पाहिली होती ती ‘गोल्डी पाँड’ची अख्खी लढाई गाळली गेली. मी मांगा वाचलेली नव्हती, त्यामुळे काय गाळले हे मला तेव्हा माहीत नव्हते, पण काहीतरी गळते आहे हे दर आठवड्याला जाणवत होते. पात्रे एकमेकांना मोठमोठे निर्णय सांगत होती आणि ते निर्णय घेताना त्यांना झालेला त्रास मी कुठेच पाहिला नव्हता. शेवटच्या भागात तर पुढचा सारा प्रवास संगीतावर सरकणाऱ्या स्थिर चित्रांत उरकला. एकेका चित्रामागे एक अख्खा भाग दडलेला असावा असे वाटत होते. मी ती चित्रे थांबवून थांबवून पाहिली. एका चित्रात काय झाले असेल, ते तिथवर कसे पोहोचले असतील, हे स्वतःशी रचत बसले. पहिल्या पर्वात त्या मुलांनी घराची भिंत ओलांडली तेव्हा बाहेरचे जग किती मोठे आहे असे वचन मला दिले गेले होते. ते जग आहे एवढेच मला सांगितले गेले. त्यात चालायला मिळाले नाही.

त्या रागाला बरीच वर्षे मी चुकीचा पत्ता दिला होता.

मला वाटायचे की दुसरे पर्व करणारे लोक आळशी असतात किंवा त्यांना कथेची पर्वा नसते. जपानमध्ये ॲनिमे कसा तयार होतो हे थोडेफार वाचल्यावर तो समज गेला. तिथे टीव्हीचे वर्ष जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबर अशा चार तिमाहींत विभागलेले असते आणि एका तिमाहीत बारा-तेरा भाग बसतात. म्हणजे कथेला किती श्वास घ्यायला मिळणार हे पुष्कळदा कथेवर नव्हे, तर त्या खिडकीच्या मापावर ठरते. पैसा बहुधा एका निर्मिती समितीचा असतो. तिच्यात प्रकाशक, वाहिनी, संगीत कंपनी, खेळणी विकणारे असे अनेक जण असतात. स्टुडिओला बऱ्याचदा ठरलेला मोबदला मिळतो आणि चित्रकारांपैकी कितीतरी जण कामापुरते जोडलेले, स्वतंत्रपणे काम करणारे असतात. सेकंदाला 24 चौकटी. एकेक चित्र दोन किंवा तीन चौकटी टिकवायचे म्हटले तरी एका सेकंदाला आठ ते बारा चित्रे लागतात. कोणीतरी हालचालीची मुख्य चित्रे काढतो, कोणीतरी दोन मुख्य चित्रांच्या मधली चित्रे भरतो, कोणीतरी त्या सगळ्यांवरून हात फिरवून चेहरा एकसारखा राखतो. एखाद्या मुठीच्या वळणात आपल्याला जो जीव दिसतो, तो असा अनेक हातांतून आलेला असतो. पहिल्या पर्वासाठी एकत्र आलेले हात दुसऱ्या वेळी पुन्हा त्याच टेबलांवर येतील याची कोणतीच हमी नसते.

‘वन पंच मॅन’ ही मालिका पाहताना ही गोष्ट मला डोळ्यांनी दिसली. 2015 चे पहिले पर्व मॅडहाउस या स्टुडिओचे होते आणि दिग्दर्शक होते शिंगो नात्सुमे. 2019 चे दुसरे पर्व जे. सी. स्टाफ या दुसऱ्या स्टुडिओने, चिकारा साकुराई या दुसऱ्या दिग्दर्शकाकडून केले. कथा तीच, नायक सैतामाचे तेच निर्विकार तोंड, विनोदाची तीच जागा. पण पहिल्या पर्वात ठोसा बसण्याआधी हवा ताणली जायची, ढग दुभंगायचे, रेषा स्वतःच वेडीवाकडी होऊन धावायची. दुसऱ्या पर्वात ठोसा बसला हे कळायचे. तो बसताना अंगावर यायचा नाही. मला त्या लोकांना दोष द्यावासा वाटत नाही. त्यांना काय वेळ मिळाला आणि कोणते हात मिळाले असतील, याचा विचार करताना उलट माया वाटते. पण जे हरवले ते हरवले, आणि ते हरवले असे म्हणण्याचा अधिकार प्रेम करणाऱ्याला असतोच.

तरीही स्टुडिओ बदलला की सगळे संपले असेही नाही. ‘विनलँड सागा’चा स्टुडिओसुद्धा बदलला: पहिले पर्व विट स्टुडिओचे, दुसरे माप्पाचे. मात्र दिग्दर्शक शुहेई याबुता तेच राहिले, पात्रांचे रेखाटन ताकाहिको आबिरु यांच्याकडेच राहिले, संगीत युताका यामादा यांचेच राहिले. त्यामुळे इमारत बदलली तरी घरातली माणसे तीच होती. थॉरफिनचा चेहरा मोठा झाला, गालफडे बसली, डोळ्यांतली आग विझून तिथे राख आली; तरी तो तोच आहे हे पहिल्या दृष्टिक्षेपात कळले. परक्या हातांनी काढले असते तर इतके विझलेले डोळे कदाचित नुसते रिकामे वाटले असते.

आणि ‘मुशिशी’ आहेच. त्याविषयी लिहायला लागले की माझे वाक्य आपोआप हळू होते. पहिले पर्व 2005 चे आणि पुढचे 2014 चे. मध्ये जवळजवळ नऊ वर्षांचे अंतर. दोन्हींचे दिग्दर्शक हिरोशी नागाहामा आणि दोन्हींत नायक गिंकोला आवाज युतो नाकानो यांचा. 2014 मध्ये पहिला भाग लावताना माझे हात थोडे थरथरत होते, कारण नऊ वर्षांत मी कितीतरी बदलले होते आणि ते जग तसेच राहिले नसेल तर मला ते सोसवले नसते. मग गिटारचे सूर आले, हिरव्या रंगाच्या छटा आल्या, पाठीवर लाकडी पेटी घेऊन डोंगरवाटेने येणारा तो पांढऱ्या केसांचा माणूस आला, आणि तो जणू मधल्या काळात फक्त पुढच्या गावापर्यंत चालत गेला होता. त्या मालिकेत एका भागाची कथा दुसऱ्या भागावर टेकलेली नाही. प्रत्येक वेळी नवे घर, नवे दुःख, नवी अदृश्य सजीवसृष्टी. तिच्या पहिल्या पर्वाने मागे काही थकबाकी ठेवलेली नव्हती, म्हणून दुसऱ्यावर ती फेडायचा भारही नव्हता. तिला फक्त आपला श्वास सांभाळायचा होता, आणि तो तिने सांभाळला.

‘विनलँड सागा’वर तो भार होता, आणि तोही फार मोठा. पहिल्या पर्वात थॉरफिनने किती माणसे मारली याची मोजदाद मी केली नाही आणि भाच्यानेही केली नाही, कारण त्या वेळी आम्ही त्याच्या चपळाईवर खूश होतो. दुसऱ्या पर्वात ती सगळी माणसे परत येतात. तो रात्री किंचाळत उठतो आणि कशाने घाबरलो हे त्याला आठवत नाही. शेजारी झोपलेला आयनार जागा होतो. हा आयनारही किती विचारपूर्वक दिलेला सोबती आहे: थॉरफिनसारख्याच लुटारूंनी ज्याचे घरदार नेले, त्या माणसासोबत त्याला एकाच झोपडीत राहायचे आहे. पुढे एका स्वप्नात ती मेलेली माणसे खाली तळाशी एकमेकांवर झुंडीने तुटून पडलेली दिसतात आणि त्या नरकातून वर चढायला सांगणारा आवाज आस्केलाडचा असतो. मला तो हवा होता ना? तो मला मिळाला, पण करमणूक म्हणून मिळाला नाही. तो प्रसंग मी दोनदा पाहिला आणि दोन्ही वेळा मला आधी आनंद झाला, मग त्या आनंदाची लाज वाटली, कारण ज्या मेलेल्यांच्या गर्दीतून तो बोलत होता त्यांच्याकडे मी पहिल्या पर्वात वळूनही पाहिले नव्हते.

भाचा तलवारीची वाट पाहत होता असे मी समजत होते, पण तलवार तर त्याआधीच निघाली होती. शेतावरच्या भाडोत्री रखवालदारांपैकी एक जण नुसत्या मौजेसाठी थॉरफिनवर शस्त्र चालवतो, त्याचा कान चिरतो, आणि थॉरफिन हलत नाही. जगून काही चांगले झाल्याचे मला आठवत नाही, अशा अर्थाचे काहीतरी तो थंडपणे सांगतो. ज्या मुलाला 24 भाग आपण विजेसारखे हलताना पाहिले, तो तिथे नांगरटीतल्या ढेकळासारखा उभा असतो. भाच्याने तेव्हा कूस बदलली होती. मला वाटते, त्याला खरे तिथेच लागले होते. बुडखा हे फक्त उठून जाण्याचे निमित्त होते.

मला हे पर्व निर्दोष वाटत नाही. राजा कॅन्यूट आणि त्याच्या दरबाराचे काही भाग मला कोरडे वाटले. शेतावरून तिकडे गेले की मन परत यायची वाट पाहत राहते. मध्ये एक-दोन भाग असे आहेत की संथपणाचे ओझे कथेला नव्हे, पाहणाऱ्याला वाहावे लागते. आणि आस्केलाडची उणीव मला शेवटपर्यंत भासत राहिली. तितके दाट, तितके दुमडलेले पात्र दुसऱ्या पर्वात नाही. पण शेवटाकडे थॉरफिन राजाला भेटू देण्याच्या अटीवर उभा राहून शंभर ठोसे खातो, हात उचलत नाही, आणि त्याला कारण विचारल्यावर आपल्याला कोणी शत्रू नाही असे सांगतो, तेव्हा मला एकदम त्याचा बाप आठवला. लहान थॉरफिनच्या हातात खंजीर पाहून थॉर्सने हेच सांगितले होते: कोणालाच शत्रू नसतात. पहिल्या पर्वात ते वाक्य मी एका भल्या माणसाचे भले वाक्य म्हणून ऐकून सोडून दिले होते. ते खरे व्हायला एवढी शेती लागली. आता पहिले पर्व लावले की त्या वाक्यापाशी माझा घसा दाटतो. दुसऱ्या पर्वाने पहिल्याची बरोबरी केली का, असे कोणी मला विचारले तर मी एवढेच सांगेन की त्याने माझ्यासाठी पहिले पर्व अधिक चांगले केले.

हे सगळे मी भाच्याला सांगितलेले नाही. गेल्या आठवड्यात त्याचा फोन आला तो दुसऱ्याच कामासाठी. बोलणे संपल्यावर तो ठेवतो आहे असे वाटत असतानाच त्याने विचारले, “मावशी, तो बुडखा निघाला का गं शेवटी?”

“निघाला,” मी म्हटले. “घोडा लागला त्यासाठी. ज्या भागात तू उठलास ना, त्याचं नावच आहे तसं, घोडा हवा म्हणून.”

तो जरा थांबला. “मग पेरलं का त्यांनी काही?”

“गहू.”

“उगवला?”

माझ्या डोळ्यांसमोर काळ्या मातीतून वर आलेले ते पहिले हिरवे टोक आले, ते पाहून हरखलेला आयनार आला, आणि पुढे त्या शेताचे काय झाले तेही आले. जीभ आवरून मी म्हटले, “उगवला.”